फसफसलेल्या मातीपासून मिलरच्या चंबूपर्यंत

बाराव्या शतकात स्पेनमध्ये, म्हणजे त्या काळच्या अंदलुसमध्ये, इब्न तुफैल नावाचे एक हकीम व तत्त्वज्ञ होऊन गेले. त्यांच्या ‘हय्य इब्न यक्‌झान’ या अरबी ग्रंथाची कथा हिंदुस्थानच्या बेटांपैकी विषुववृत्ताजवळच्या एका निर्जन बेटावर घडते. तेथे एका हरिणीने वाढविलेला हय्य हा बालक मुळात आला कोठून? ग्रंथकार दोन उत्तरे देतात. एक असे की, शेजारच्या बेटावरील राजाच्या बहिणीने आपले तान्हे मूल पेटीत घालून समुद्रात सोडले. दुसरे असे की, बेटाच्या सखल भागातील माती वर्षानुवर्षे फसफसत राहिली, उष्ण व थंड, ओले व कोरडे यांचा समतोल साधला, मातीत बुडबुडे आले आणि अल्लाहच्या हुकुमाने तीत रूह उतरली. दोन्ही मते त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. १६७१ साली ऑक्सफर्ड येथे या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर छापले गेले व युरोपातील विद्वानांनी ते आवडीने वाचले.

निर्जीवातून जीव आपोआप उपजतो, ही समजूत अ‍ॅरिस्टॉटलपासून सर्वमान्य होती. मांस सडले की अळ्या पडतात, हे तर कोणीही पाहावे! पण १६६८ साली इटलीच्या फ्रांचेस्को रेदी यांनी भांड्याच्या तोंडावर बारीक जाळीचे कापड बांधले; माश्या आत शिरू शकल्या नाहीत आणि मांसात अळ्याही पडल्या नाहीत. पुढे सूक्ष्मदर्शकातून जंतू दिसू लागले तेव्हा तोच वाद पुन्हा पेटला व शंभर वर्षांहून अधिक चालला. तो मिटविला लुई पाश्चर यांनी. त्यांनी हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी असलेला चंबू घेऊन त्यात रस उकळला. हवा आत जाई, धूळ मात्र नळीच्या वळणावरच अडकून राही. रस महिनोन्‌महिने नासला नाही. मान मोडताच थोड्या दिवसांत तो नासला. १८६२ साली फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांना पारितोषिक दिले.

येथे वर्गातील चुणचुणीत मुले हमखास विचारतात, ‘‘सर, जीव जीवापासूनच येतो, तर मग पहिला जीव कोठून आला?’’ प्रश्न अगदी रास्त आहे. पाश्चर यांनी आजच्या रसाविषयी सांगितले, आदिकाळच्या पृथ्वीविषयी नव्हे. १८७१ साली डार्विन यांनी आपले मित्र हूकर यांना लिहिलेल्या पत्रात एका लहानशा उबदार तळ्याची कल्पना मांडली. आज असे काही द्रव्य तयार झालेच, तर जिवंत प्राणी ते लगेच फस्त करतील; पण जीवच नसताना ते खाणार कोण? मला तर सगळ्या इतिहासात हा युक्तिवाद सर्वांत देखणा वाटतो.

१९२४ साली रशियाचे ओपारिन व १९२९ साली इंग्लंडचे हॉल्डेन यांनी स्वतंत्रपणे हीच दिशा धरली. आदिम वातावरणात मुक्त ऑक्सिजन नव्हता. सूर्याच्या अतिनील किरणांनी साध्या वायूंपासून सेंद्रिय द्रव्ये बनली व समुद्र त्यांचा पातळ, गरम शोरबा झाला, असे हॉल्डेन यांचे म्हणणे. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले.

प्रयोग केला तो बावीस वर्षांच्या स्टॅन्ली मिलर या विद्यार्थ्याने, १९५२ साली शिकागोत, नोबेल विजेते हॅरल्ड युरी यांच्या हाताखाली. एका चंबूत पाणी उकळत ठेवले, वर मिथेन, अमोनिया व हायड्रोजन, आणि त्यांतून सतत विजेच्या ठिणग्या. आठवडाभरात पाणी तांबूस झाले. त्यात ग्लायसीन, अ‍ॅलनीन अशी अमिनो आम्ले सापडली. प्रथिने यांचीच बनतात. मे १९५३ मध्ये निबंध छापला गेला. श्रेय विद्यार्थ्याला मिळावे म्हणून युरींनी त्यावर स्वतःचे नाव घातले नाही. गुरू असावा तर असा!

पण यावरून जीव चंबूत बनला असे कोणी समजू नये. विटा मिळाल्या म्हणजे घर उभे राहिले असे होत नाही. शिवाय आदिम हवेत कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजनच अधिक असावेत, असे आता बहुतेक शास्त्रज्ञ मानतात आणि तशा हवेत उत्पन्न फार कमी येते. दुसरीकडे, १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या उल्केत सत्तरहून अधिक अमिनो आम्ले आढळली; १९७७ साली खोल समुद्रात उष्ण झरे सापडले; आणि आरएनए हा रेणू रासायनिक क्रियाही घडवतो, या शोधाबद्दल चेक व ऑल्टमन यांना १९८९ चे नोबेल मिळाले. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे, तर जीवांच्या खुणा निदान ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या. मधल्या काळात काय घडले, याचा शोध चालू आहे.

काही पालकांना हा धडा मुलांना शिकवूच नये असे वाटते. याउलट काही उत्साही मंडळी, पवित्र कुरआनात प्रत्येक सजीव पाण्यापासून घडविल्याचा उल्लेख आहे, म्हणून मिलरचा प्रयोग आम्हांला आधीच ठाऊक होता, असे सांगतात. माझ्या मते दोघेही घाई करतात. शास्त्राची मते उद्या बदलतील. त्यांच्याशी श्रद्धेची गाठ कशाला मारावी? इब्न तुफैल यांना मातीचे फसफसणे आणि अल्लाहचा हुकूम एकाच कथेत लिहिताना संकोच वाटला नव्हता.

मिलर २००७ साली वारले. त्यांच्या सामानात १९५० च्या दशकातील, चिठ्ठ्या लावलेल्या कुप्या निघाल्या. त्यांतील काही ज्वालामुखीसारखी वाफ सोडणाऱ्या दुसऱ्या उपकरणातल्या होत्या. त्यांच्या जुन्या शिष्याने व सहकाऱ्यांनी नव्या यंत्रांवर त्या तपासल्या, तेव्हा २००८ साली त्यांत बावीस अमिनो आम्ले मोजली गेली.