धूम्रपानाचे पर्याय
धूम्रपानाचे पर्याय : तंबाखूचा धूर ओढण्याऐवजी, किंवा ती सवय मोडण्यासाठी, वापरण्यात येणारे पदार्थ. यांतील काही तंबाखूपूर्व काळापासून चालत आलेले आहेत, काही तंबाखूचेच अन्य प्रकार आहेत, तर काही आधुनिक औषधे आहेत.

तंबाखू भारतात येण्यापूर्वी औषधी धूमपान ज्ञात होते. चरकसंहितेत प्रायोगिक, स्नैहिक व वैरेचनिक असे त्याचे तीन प्रकार वर्णिले आहेत. चंदन, दालचिनी, वेलदोडा, जटामांसी इत्यादींचा लेप बोरूच्या काडीवर देत. तो वाळल्यावर काडी काढून घेत आणि तुपाने माखलेली वर्ती नळीत बसवून पेटवीत. ठराविक वेळी घ्यावयाचा तो उपचार होता, व्यसन नव्हे.

दैनंदिन व्यवहारात विड्याचे स्थान मोठे होते. कोकणात त्याला स्थानिक उत्पादनाचा आधार लाभला. दशभुज गणपतीच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेल्या हेदवीच्या (ता. गुहागर, जि. रत्नागिरी) परिसरात नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. पूजेत विडा ठेवणे, पाहुण्यापुढे पानाचे तबक करणे व लग्नकार्यात सुपारी देणे हे प्रघात कोकणात रूढ आहेत.

पोर्तुगीजांमार्फत तंबाखू दख्खनमध्ये आली. अकबराचा वकील असदबेग याने ती विजापूरहून नेऊन १६०४ च्या सुमारास बादशहापुढे ठेवली. जहांगीरने १६१७ मध्ये धूम्रपानास मनाई केली. तथापि प्रसार थांबला नाही. पुढे तंबाखू विड्यातही शिरली. चुना लावून मळलेली तंबाखू, तपकीर आणि भाजलेल्या तंबाखूची मिश्री ही तिची धूरविरहित रूपे होत. मिश्री दात घासण्याच्या निमित्ताने स्त्रियांत विशेष रुजली.

ही रूपे निरुपद्रवी मानणे चुकीचे आहे. धूर नसला, तरी त्यांमुळे मुखाचा कर्करोग होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तंबाखूविरहित विडा व सुपारीही कर्ककारक ठरविली. सुपारीमुळे तोंडातील त्वचेखालील ऊतक ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. प्रौढांच्या २०१६-१७ मधील पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३·८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू सेवन करणारे २४·४ टक्के आढळले. राज्यात तंबाखूचा मुख्य प्रश्न चिलीम-विडीचा नसून तोंडात धरलेल्या तंबाखूचा आहे, हे यावरून स्पष्ट होते. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली.

आधुनिक पर्यायांपैकी निकोटिनयुक्त चघळगोंद स्वीडनमध्ये विकसित झाला व १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये प्रथम विक्रीस आला. त्यातून निकोटिन मिळते. मात्र धुरातील डांबर व कार्बन मोनॉक्साइड टळतात. मात्रा क्रमाने कमी करून तो सोडावयाचा असतो. त्वचेवर लावावयाच्या निकोटिन-पट्ट्याही याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये या उपचारांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. विद्युत् सिगारेटींच्या उत्पादनावर व विक्रीवर मात्र भारतात २०१९ च्या कायद्याने बंदी आहे.

सारांश, ज्या पर्यायाचा शेवट व्यसनमुक्तीत होतो तोच उपयुक्त होय. एका व्यसनाच्या जागी दुसरे आणणारा पर्याय केवळ रोगाचे स्थान बदलतो.