देणाऱ्याविना घेतलेले मूल

लालबाग-परळचा इतिहास लिहिणारे बहुधा भोंगे, संप आणि मोर्चे यांचाच लिहितात. तिथल्या बापांचा इतिहास लिहायला कोणाला सवड नसते. दिवाळीच्या फराळाबरोबर आज एका बापाची हकिगत सांगतो.

गंगाराम कुशाजी सुर्वे हे इंडिया वुलन मिलमधले कामगार. पत्नी काशीबाई कमला मिलमध्ये जात. १९२६ च्या सुमारास गिरणगावात रस्त्याकडेला टाकलेले एक तान्हे मूल गंगारामांना आढळले. त्यांनी ते उचलून घरी आणले.

एका वाक्यात सांगून झाले. पण वाचकहो, तो काळ जरा डोळ्यांपुढे आणा. १९२२ च्या कायद्याने गिरणीचा आठवडा ६० तासांचा ठरलेला. मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला तो १९२९ साली, म्हणजे तेव्हा पोटच्या पोरासाठीही बाईला पदरचा पगार बुडवावा लागे. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या कापडगिरण्या संपाने बंद होत्या. हे पोर तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे. खाणारे एक तोंड वाढवायला याहून वाईट मुहूर्त पंचांगात सापडला नसता!

दत्तकाचे जुने शास्त्र तर या बाबतीत मोठे चमत्कारिक. मूल द्यायला त्याची आई किंवा बापच हवा. ज्याला दोघेही नाहीत ते सहसा दत्तक जाऊच शकत नसे. ज्याला घराची सर्वांत जास्त गरज, त्यालाच दार बंद! १९५६ चा कायदा आला, पुढे १९६२ च्या दुरुस्तीने टाकून दिलेले मूल पालकाला कोर्टाच्या परवानगीने दत्तक देता येऊ लागले. गंगारामांना ना वारस नेमायला इस्टेट होती, ना कोर्टाची पायरी ठाऊक असायचे कारण. त्यांनी पोराला म्युनिसिपालिटीच्या शाळेत नेले आणि नाव घातले: नारायण गंगाराम सुर्वे. रोज हजेरी घेणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला त्या मधल्या नावाचे वजन कळते. ते कोऱ्या जागेत आपण होऊन भरले गेले होते.

१९३६ साली गंगाराम गिरणीतून निवृत्त होऊन कोकणात गेले. निघताना पोराच्या हातावर दहा रुपये ठेवले. दहा वर्षांचे पोर मुंबईत एकटे राहिले. मी स्वतः बाप आहे. इथे माझी लेखणी अडते. हे मला पटत नाही. पण ज्यांनी त्या पोराला रस्त्यावर ठेवून पाऊल पुढे टाकले असेल त्यांच्या रांगेत गंगारामांना बसवणेही जमत नाही. दहा वर्षांचा हिशेब दहा रुपयांत कसा मोडणार?

नारायण पुढे हॉटेलात, गिरणीत राबला, म्युनिसिपल शाळेत शिपाई झाला आणि तिथेच शिकून १९६१ साली मास्तर झाला. १९६२ साली त्याचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ निघाला. १९४८ साली लग्न झालेल्या कृष्णाबाईंनी त्या संसाराची कथा ‘मास्तरांची सावली’त सांगितली आहे, ती मुळातून वाचावी. १९९५ च्या परभणी साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले, १९९८ साली पद्मश्री मिळाली. २०१० च्या ऑगस्टात कवी गेला. अरुण खोपकरांनी २००२ साली त्याच्यावर माहितीपट काढला. त्याचे नाव ‘नारायण गंगाराम सुर्वे’.