घरासमोर कुठे उभं राहायचं?

जुना वाडा पाडून तिथे इमारत उठवायची ठरली, की किल्ल्या देण्याच्या आदल्या दिवशी घरातलं कोणीतरी म्हणतंच, ‘अरे, एक फोटो तरी काढून ठेवा.’ मग सगळे रस्त्यावर येतात. गल्ली अरुंद. मागे सरकावं तर पाठ समोरच्या घराला लागते. कॅमेरा वर उचलावा तर दोन्ही बाजूंच्या भिंती वर जाताजाता एकमेकींकडे झुकतात आणि शंभर वर्षं ताठ उभा राहिलेला वाडा फोटोत मागे कलंडल्यासारखा दिसतो. घर तेच, पण ओळखू येत नाही. घराचा फोटो काढताना कुठे उभं राहायचं, हा प्रश्न छायाचित्रणाच्या जन्माइतकाच जुना आहे.

इंग्लंडात विल्टशरमधल्या लेकॉक ॲबी या आपल्या वडिलोपार्जित घरी विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने १८३५ च्या उन्हाळ्यात लहान लहान लाकडी पेट्या घराभोवती मांडून ठेवल्या होत्या. त्याची पत्नी त्यांना उंदराचे सापळे म्हणायची. आत रसायन लावलेला कागद, पुढे एक भिंग. उन्हात बराच वेळ ठेवल्यावर त्या कागदावर घर उमटायचं. पुढे १८३९ मध्ये त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं, की स्वतःचं चित्र स्वतःच काढणारी ही जगातली पहिलीच वास्तू असावी. मला या म्हणण्याची गंमत वाटते. चित्र घराने काढलं खरं, पण पेटी कुठे ठेवायची हे टॅल्बटनेच ठरवलं होतं.

‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या नावाने १८४४ पासून त्याने छायाचित्रांचं पुस्तक हप्त्याहप्त्याने काढलं. त्यातलं पहिलंच चित्र ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजचं आहे आणि ते कोपऱ्यावरून घेतलेलं आहे. तेराव्या चित्रात तीच इमारत पुन्हा येते. या वेळी मात्र तिचं प्रवेशद्वार दिसतं, रस्त्यापलीकडच्या घराच्या खिडकीतून टिपलेलं. इमारतीकडे पाहण्याच्या दोन रीती अशा एकाच पुस्तकात येऊन गेल्या. कोपऱ्यावर उभं राहिलं की दोन भिंती दिसतात, घराची खोली कळते, घर पुढे सरसावल्यासारखं वाटतं. समोर उभं राहिलं की घराचा चेहरा दिसतो.

आणि ती पलीकडची खिडकी! अरुंद गल्लीतल्या वाड्यावरचा उपाय तिच्यातच आहे. भिंती झुकतात त्या कॅमेरा वर वळवल्यामुळे. कॅमेऱ्याची पाठ भिंतीला समांतर राहिली, तर भिंती सरळच येतात. समोरच्या घरातल्या मंडळींना विचारून त्यांच्या पहिल्या मजल्यावर गेलं, की आपण घराच्या निम्म्या उंचीवर येतो आणि कॅमेरा वर करावाच लागत नाही. भात्याच्या जुन्या कॅमेऱ्यात याची सोय वेगळी होती. पाठ सरळ ठेवून पुढचं भिंग तेवढं वर सरकवायचं. आता मोबाइलसुद्धा वाकडी भिंत सरळ करून देतो. पण तसं करताना फोटोच्या कडा कापल्या जातात, म्हणून आधीच चारी बाजूंनी थोडी मोकळी जागा सोडलेली बरी.

उन्हाचंही तसंच. समोरून पडणाऱ्या उन्हात घर सपाट दिसतं. पूर्वेकडे तोंड असलेल्या वाड्याचा फोटो सूर्य उगवताना काढण्यापेक्षा दहा-अकराच्या सुमारास काढावा. ऊन भिंतीला घासून उतरतं तेव्हा तुळया, कोनाडे, दारावरचं कोरीवकाम सावलीसकट उठून दिसतं. उत्तरमुखी घराला आपल्याकडे हिवाळ्यात समोरून ऊन मिळतच नाही. त्याच्यासाठी ढगाळ दिवस चांगला.

पण ही झाली हिकमत. कोन निवडण्यात हिकमतीपलीकडचं काय असतं, ते समजून घ्यायला मला १९३० नंतरची अमेरिका फार उपयोगी पडली.

पेनसिल्व्हेनियातल्या बेअर रन नावाच्या ओढ्यावर वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी पिट्सबर्गचे बडे दुकानदार एडगर कॉफमन यांच्यासाठी घर बांधलं. त्याचं नाव फॉलिंगवॉटर. कॉफमन यांची कल्पना होती, की घरातून धबधबा दिसावा. राइट यांनी घर धबधब्याच्या डोक्यावरच बांधलं. १९३७ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या हेड्रिच-ब्लेसिंग या संस्थेचा तरुण छायाचित्रकार बिल हेड्रिच तिथे गेला. मासे पकडणारे घालतात तसे उंच रबरी बूट घालून तो ओढ्याच्या पाण्यात उतरला, असं सांगतात. खालून, तिरक्या कोनातून त्याने वर पाहिलं. काँक्रीटच्या गच्च्या हवेत झेपावलेल्या आणि त्यांच्या पोटाखालून पाणी कोसळतंय! जानेवारी १९३८ मध्ये ‘आर्किटेक्चरल फोरम’च्या राइट विशेषांकात ही छायाचित्रं आली आणि घर जगभर पोहोचलं.

आजही तिथे जाणारे हजारो लोक उतरून नेमक्या त्याच जागी उभे राहतात. त्या घरात राहणाऱ्यांना मात्र घर तसं कधीच दिसत नव्हतं. आत बसलं की धबधबा ऐकू यायचा, डोळ्यांना दिसायचा नाही. आणखी एक गोष्ट त्या फोटोत दिसत नाही. बांधकामाचे टेकू काढले तेव्हापासूनच त्या गच्च्या वाकू लागल्या होत्या. पुढे त्या सुमारे सात इंच खाली आल्या आणि २००२ मध्ये पोलादी तारांनी ताणून त्यांना सावरावं लागलं. कोन तिरका असला की झेप दिसते, वाक दिसत नाही.

याच काळात वॉकर एव्हन्स हा छायाचित्रकार नेमका उलटा मार्ग धरून चालला होता. १९३१ मध्ये तो लिंकन कर्स्टीन या मित्राबरोबर बॉस्टनच्या आसपास एकोणिसाव्या शतकातली जुनी घरं टिपत हिंडला. या घरांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९३३ मध्ये भरलं. अनेक घरांच्या तो थेट समोर उभा राहिला. लख्ख उन्हात लाकडाची फळीन् फळी मोजून घ्यावी अशी ती चित्रं. घराने काही मिरवावं किंवा लपवावं असा आग्रह त्यांत नाही. कवी म्हणून मला हा साधेपणा हेड्रिचच्या नाट्यापेक्षा अधिक अवघड वाटतो. विशेषणाशिवाय ओळ लिहून पाहा, म्हणजे कळेल.

१९३६ च्या उन्हाळ्यात ‘फॉर्च्यून’ मासिकाने एव्हन्सला लेखक जेम्स ॲजीबरोबर अलाबामात पाठवलं. तिथल्या हेल परगण्यात दुसऱ्याच्या जमिनीवर खंडाने, वाट्याने कापूस पिकवणारी तीन कुटुंबं होती. रंग न लावलेल्या फळ्यांची त्यांची घरं एव्हन्सने तशीच, समोर उभं राहून टिपली. त्याने ना कोन झुकवला, ना दारिद्र्याला नाट्य दिलं. मासिकाने मजकूर छापला नाही. शेवटी १९४१ मध्ये पुस्तक निघालं, तेव्हा फारसं कोणी घेतलं नाही. १९६० मध्ये त्याची नवी आवृत्ती आली आणि ते गाजलं.

समोरचा कोन प्रामाणिक, असं म्हणून आपण इथे सुटलो असतो. पण १९८० च्या दशकात दोन पत्रकार त्या कुटुंबांच्या पुढच्या पिढ्यांना शोधत अलाबामात गेले. त्यांचं पुस्तक १९८९ मध्ये आलं आणि त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्या कुटुंबांतल्या काहींच्या मनात इतक्या वर्षांनंतरही राग होता. आपली गरिबी जगापुढे मांडली गेली आणि आपल्याला कोणी विचारलंही नाही, असं त्यांना वाटत होतं. ॲजीने पुस्तकात त्या सगळ्यांची नावं बदलली होती. एव्हन्सच्या छायाचित्रांत मात्र त्यांचे चेहरे आणि त्यांची घरं जशीच्या तशी होती.