मांजराचा थायरॉइड आणि उपचारांची निवड: परळ ते बदनापूर

मांजराची थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली, की ते भरपूर खाऊनही वाळत जाते. छाती धडधडते, तहान वाढते, रात्रभर घरात येरझाऱ्या चालतात. बहुधा दहा वर्षांपुढच्या मांजरांना होणारा हा आजार पशुवैद्यकात स्वतंत्रपणे नोंदला गेला तो १९७९-८० मध्ये, न्यूयॉर्क आणि बोस्टनच्या प्राणी-रुग्णालयांत. त्यावरचे मुख्य उपचार त्याआधीच तयार होते, पण ते माणसांसाठी शोधलेले होते. मांजराला त्यातले काय मानवते, हे कळायला पुढची अनेक वर्षे गेली.

महाराष्ट्रात पशुवैद्यकाची सुरुवात मांजरापासून झाली नाही. मुंबईत परळला १८८० च्या दशकात बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये त्याच्या आधाराने पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्या काळी शहरातल्या ट्रामसुद्धा घोडे ओढत. मराठवाड्यात परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ चे. बदनापूर हे परभणीवरूनच जाणाऱ्या मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावरचे गाव. १९८१ मध्ये जालना जिल्हा होईपर्यंत ते औरंगाबाद जिल्ह्यात होते. इथल्या कृषी संशोधन केंद्राने कडधान्यांवर काम केले आणि ‘बीडीएन’ नावाचे तुरीचे वाण बदनापूरचे नाव शेतकऱ्यांपर्यंत घेऊन गेले. अशा मुलखात डॉक्टरला बोलावणे जायचे ते बैलासाठी, गाभण म्हशीसाठी. धान्याची राखण करणारे मांजर म्हातारपणी झडले, तर ते वयाचेच लक्षण मानले जाई.

प्रत्यक्षात रोग बोटांनाही सापडतो. मांजराची हनुवटी किंचित वर करून श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंनी अंगठा आणि तर्जनी हलके खाली सरकवली, की वाढलेली ग्रंथी तुरीच्या दाण्यासारखी बोटाखालून निसटते. निरोगी ग्रंथी अशी हाताला लागत नाही. खात्री रक्तातल्या टी-४ या थायरॉइडच्या संप्रेरकाच्या तपासणीने होते. माणसांत हा विकार बऱ्याचदा शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून येतो. मांजरात मात्र ग्रंथीवर साध्या, कर्करोग नसलेल्या गाठी वाढतात. उपचारांची निवड या फरकाभोवतीच फिरते.

सर्वांत जुना मार्ग शस्त्रक्रियेचा. बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर यांना थायरॉइडवरील कामासाठी १९०९ मध्ये नोबेल मिळाले. मांजरात गाठ काढली की रोग जातो, पण धडधडत्या हृदयाच्या म्हाताऱ्या जिवाला भूल देणे धोक्याचे. शिवाय थायरॉइडला चिकटलेल्या इवल्याशा परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथी सांभाळाव्या लागतात. त्या दुखावल्या तर रक्तातले कॅल्शियम घसरते आणि मांजराला झटके येऊ शकतात. दोन्ही बाजूंची ग्रंथी वाढलेली असणे हेच जास्त आढळते, म्हणून ही भीती नेहमीची.

औषधांचा मार्ग माणसांसाठी १९४३ मध्ये डॉक्टर एडविन ॲस्टवुड यांनी खुला केला. मांजरांना आधी प्रोपिलथायोयुरॅसिल देऊन पाहिले गेले, पण त्याने रक्ताचे गंभीर विकार होऊ लागले. १९८० च्या दशकात मेथिमॅझोलने त्याची जागा घेतली. कार्बिमॅझोल हे त्याचेच भावंड. शरीरात गेल्यावर त्याचे मेथिमॅझोल होते. गोळीने संप्रेरक आटोक्यात येते, गाठ मात्र वाढतच राहते. त्यामुळे गोळी जन्मभर चालते, आणि मांजराचा जबडा उघडून जिभेच्या मुळाशी ती रोज ठेवणे ही घरच्यांची परीक्षाच असते. उलट्या होऊ लागल्या किंवा तोंड खाजवून रक्ताळले, तर औषध थांबवून डॉक्टरला दाखवावे लागते.

रोग मुळापासून घालवणारा सर्वांत खात्रीचा उपाय किरणोत्सारी आयोडीनचा. बोस्टनला डॉक्टर सॉल हर्ट्झ यांनी तो १९४१ मध्ये माणसावर वापरला. थायरॉइड आयोडीन शोषून घेते. आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी रूपही तसेच शोषले जाते आणि फोफावलेल्या पेशी जाळते. त्याचा किरणोत्सार आठ दिवसांत निम्मा होतो. एका इंजेक्शनात शंभरातली पंच्याण्णवच्या आसपास मांजरे बरी होतात. मात्र काही दिवस त्यांना वेगळे ठेवावे लागते, त्यांचे मलमूत्र जपून हाताळावे लागते, आणि अशा जागेला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी हवी. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून परळलाच आहे, पण तिथली थायरॉइडची सेवा माणसांसाठी.

२०११ मध्ये अत्यल्प आयोडीनचे खाद्य बाजारात आले. त्यावर असलेल्या मांजराने दुसरे काहीही खायचे नाही. दारोदार फिरणाऱ्या, उंदीर धरणाऱ्या मांजराला ते लागू पडणे जवळजवळ अशक्य.

या सगळ्या अनुभवातून पशुवैद्यांनी एक क्रम बसवला, आणि तो मूत्रपिंडांमुळे. वाढलेले संप्रेरक मूत्रपिंडांतून रक्त जोरात फिरवते, त्यामुळे त्यांचा जुना बिघाड झाकला जातो. उपचार लागू पडला की तो उघडा पडतो. म्हणून कायमचा उपाय करण्याआधी काही आठवडे गोळी देऊन पाहतात, कारण गोळी थांबवता येते. बदनापूरच्या मांजरासाठीही हाच आरंभ शहाणपणाचा आहे: मात्रा पशुवैद्याने ठरवलेली, माणसाच्या गोळीचा तुकडा अंदाजाने दिलेला नव्हे, दोन-तीन आठवड्यांनी टी-४ आणि मूत्रपिंडांची स्थिती सांगणाऱ्या क्रिएटिनिनची फेरतपासणी, आणि मूत्रपिंडे टिकून असतील तरच शस्त्रक्रियेचा किंवा मोठ्या शहरात आयोडीनचा विचार.