कावेरीकाठचा स्त्रीस्वर : कुंभकोणम्, संघकवयित्री आणि गाथेतील स्त्रिया

तंजावरच्या मराठी राज्याचा विचार आपल्याकडे बहुधा तीन अंगांनी होतो. व्यंकोजीने १६७० च्या दशकात स्थापिलेली आणि १८५५ साली कंपनी सरकारने खालसा केलेली राजवट, सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह आणि मराठी नाटकाची पूर्वपीठिका. या तिन्ही अंगांवर मोलाचे संशोधन झाले आहे. परंतु तंजावरपासून चाळीसेक किलोमीटरवर, कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांमध्ये वसलेल्या कुंभकोणमकडे मराठी अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले. गेले तेव्हा ते सर टी. माधवराव आणि दिवाणबहादूर आर. रघुनाथराव या दोन मुत्सद्द्यांची जन्मभूमी म्हणून. याच गावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्त्रियांचे काव्य ताडपत्रांतून वाचले जात होते आणि त्या काव्याचा आपल्या गाथासप्तशतीशी निकटचा संबंध आहे, ही गोष्ट मराठी वाचकासमोर ठेवणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१८८० साली उ. वे. स्वामिनाथ अय्यर कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात तमिळचे अध्यापक म्हणून रुजू झाले. त्यांचे वय तेव्हा पंचविशीचे होते आणि मठातील पारंपरिक शिक्षण पुरे झालेले होते. पुराणे, अंतादी, कोवै असे प्रबंधप्रकार त्यांना मुखोद्गत होते. त्याच वर्षी सेलम रामस्वामी मुदलियार हे मुन्सफ म्हणून कुंभकोणमला आले. त्यांच्या भेटीस गेलेल्या अय्यरांना त्यांनी काय काय वाचले आहे ते विचारले, आणि लांबलचक यादी ऐकून झाल्यावर, या सर्वांहून जुने जे ग्रंथ आहेत ते वाचले का, असा प्रश्न केला. अय्यरांनी ते वाचलेले नव्हते. पुढील आयुष्य त्यांनी त्या प्रश्नाच्या उत्तरात घालविले. १८८७ साली 'जीवकचिंतामणी', १८८९ साली 'पत्तुप्पाट्टु', १८९२ साली 'शिलप्पदिकारम्' आणि १८९४ साली 'पुरनानूरु' असे ग्रंथ क्रमाने छापून निघाले. मुद्रण मद्रासला होत असे, पण पाठनिश्चितीचे काम कुंभकोणमच्या घरी चाले. 'चिंतामणी' हा जैन ग्रंथ. त्यातील संकेत उलगडेनात तेव्हा अय्यर, स्वतः शैव स्मार्त ब्राह्मण असूनही, गावातील जैन गृहस्थांच्या घरी जाऊन अर्थ समजून घेत. १९०३ साली ते मद्रासला गेले. त्यांच्यामागे 'नट्रिणै' या संग्रहाचे संपादन पिन्नत्तूर नारायणस्वामी अय्यर यांनी केले. तेही कुंभकोणमच्याच एका शाळेत तमिळ शिकवीत असत. त्यांच्या निधनानंतर १९१५ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या संग्रहांना आज 'संघसाहित्य' म्हणतात. सुमारे २३८१ कविता, आणि नावानिशी ज्ञात असलेले ४७३ कवी. त्यांत सुमारे तीस स्त्रिया आहेत. मोजणीत अभ्यासकांचे एकमत नाही, कारण काही नावांवरून स्त्री-पुरुष ठरत नाही. एकट्या औवैयारच्या नावावर ५९ कविता आहेत. ओक्कूर मासात्तियार, काक्कैपाडिनियार नच्चेळ्ळैयार, वेळ्ळिवीदियार ही आणखी काही नावे. वेळ्ळिवीदियार आपल्या वाया जाणाऱ्या लावण्याला जमिनीवर सांडलेल्या दुधाची उपमा देते. औवैयार एका कवितेत पतीच्या शोधार्थ निघालेल्या वेळ्ळिवीदियारचा नामनिर्देश करते. एका कवयित्रीने दुसरीचे स्मरण आपल्या कवितेत करावे, ही घटना भारतीय साहित्यात किती आधी घडली याची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासांनी घ्यावयास हवी.

आता निसर्गाचा प्रश्न. संघकाव्यातील प्रेमकविता पाच भूप्रदेशांत विभागलेली आहे : डोंगराची 'कुरिंजी', कुरणाची 'मुल्लै', भातशेतीची 'मरुदम्', समुद्रकाठची 'नेय्दल' आणि रखरखीत वाटेची 'पालै'. प्रत्येक प्रदेशाशी प्रेमाची एक अवस्था बांधलेली आहे. डोंगरात चोरटे मीलन होते, कुरणात धीराने वाट पाहिली जाते, समुद्रकाठी तळमळ असते, पालैच्या वाटेवर ताटातूट होते, आणि शेतीच्या सुपीक प्रदेशात पतीच्या बाहेरख्यालीपणामुळे पत्नीचा रुसवा. कुंभकोणम् हे मरुदम् भूमीचे हृदय होय. कालवे, पाणथळ शेते, कमळे, बगळे, चिखलात लोळणाऱ्या म्हशी हे तिथले नित्याचे दृश्य आणि हीच मरुदम् कवितेची सामग्री. समृद्ध जमिनीला घरातील दुरावा जोडावा यात काव्यसंकेताइतकेच समाजनिरीक्षणही आहे, असे आम्हास वाटते. धान्य उरते तेथे नृत्यांगनांच्या वस्त्या उभ्या राहतात.

या संकेताचे मर्म 'उळ्ळुरै' या संज्ञेत आहे. तिचा अर्थ आत ठेवलेले बोलणे. शेताच्या बांधावरील आंब्याचे पिकले फळ गळून तळ्यात पडते आणि मासा ते आयते गिळतो, असल्या गावचा हा पुरुष, एवढेच बोलणारी म्हणते. फळ कोण आणि मासा कोण हे ती सांगत नाही, पण ऐकणाऱ्याला कळते. पतीवर उघड आरोप करणे कुलस्त्रीला शोभत नसे. मग म्हैस, बगळा, कमळाचे पान तिच्या वतीने बोलत. म्हणून या कवितेतील निसर्गाला पार्श्वभूमी म्हणणे चुकीचे ठरेल. जे उच्चारणे निषिद्ध होते ते उच्चारण्याची ती भाषा होती. अर्थात आंब्याचा वरील दृष्टान्त एका पुरुष कवीचा आहे. स्त्रीच्या मुखी घातलेल्या बहुसंख्य कविता पुरुषांनीच रचल्या. त्यामुळे 'स्त्रीस्वर' हा शब्द दोन अर्थांनी वापरावा लागतो, आणि त्यांची गल्लत झाली की विवेचन भाबडे होते.

गाथासप्तशतीच्या मराठी वाचकाला हे सारे ओळखीचे वाटेल. स. आ. जोगळेकरांची १९५६ ची साक्षेपी आवृत्ती ज्यांनी हाताळली आहे त्यांना गोदावरीकाठचे वेताचे कुंज, तागाची शेते, शेत कापले जाताच संकेतस्थळ नाहीसे झाले म्हणून काळवंडणारी कुणब्याची सून आठवेल. गोदातीरी सिंह आला आहे असे सांगून फुले तोडणाऱ्या बैराग्याला परस्पर दूर ठेवणारी चतुर स्त्रीही त्यातलीच. आनंदवर्धनाने ध्वनिविचार मांडताना अशा प्राकृत गाथांचा आधार घेतला, तो उगाच नव्हे. टीकाकारांनी रेवा, माधवी, अनुलक्ष्मी, शशिप्रभा, रोहा अशी कवयित्रींची नावेही दिली आहेत. जॉर्ज हार्ट यांनी १९७५ मध्ये संघकाव्य आणि गाथा यांच्यातील प्रतिमांचे साम्य तपशिलाने दाखवून, दख्खनच्या एका समान मौखिक परंपरेतून दोन्ही निघाली असावीत असे प्रतिपादन केले. हे मत सर्वमान्य नाही, परंतु साम्य निर्विवाद आहे. कोणी कोणाकडून घेतले हा वाद आम्हास गौण वाटतो. पैठण आणि कावेरीमुख या दोन्ही ठिकाणी शेतात राबणाऱ्या स्त्रियांची गाणी नागर कवींच्या कानी पडत होती, आणि जात्यावरची ओवी ज्यांनी ऐकली आहे त्यांना त्याचे नवल वाटू नये.

येथे १८८७ या वर्षाकडे पुन्हा वळावे लागते. ज्या वर्षी 'चिंतामणी' छापून निघाला त्याच वर्षी मद्रास येथे भारतीय सामाजिक परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. न्यायमूर्ती रानडे यांच्यासमवेत तिच्या स्थापनेत पुढाकार होता तो कुंभकोणमला जन्मलेल्या रघुनाथरावांचा. होळकरांची दिवाणगिरी केलेले हे देशस्थ गृहस्थ विधवाविवाहाचे कट्टर पुरस्कर्ते होते आणि श्रुतिस्मृतींच्या आधारेच तो पक्ष मांडीत. त्यांची निष्ठा निःसंशय आहे. पण त्या वादात वचने ऋषींची, अर्थ पंडितांचे आणि मते वकिलांची होती. विधवा स्वतः बोलत नव्हती.

ती बोलली १८९४ साली छापल्या गेलेल्या 'पुरनानूरु'तील २४६ व्या कवितेत. कवितेच्या टिपणीनुसार बोलणारी आहे पेरुंकोप्पेंडु, भूतपांडियन राजाची राणी. पतीच्या चितेवर चढू नये म्हणून समजावणाऱ्या वृद्ध सभाजनांना ती खडसावते. वैधव्याचा आहार ती तपशिलाने सांगते : तुपाशिवाय पिळलेला शिळा भात, तिळाची चटणी, आंबट घालून शिजविलेला पाला, आणि चटईविना खड्यांवरची निद्रा. मग म्हणते की आपल्याला कमळांचे तळे आणि अग्नी दोन्ही सारखेच. या कवितेचा सतीचे गौरवगान म्हणून पुष्कळदा उल्लेख होतो. आम्हास ते वाचन अपुरे वाटते. तिच्या बोलण्यातील जळजळीत भाग चितेविषयी नाही, ताटाविषयी आहे. जगण्याची जी रीत तिच्यापुढे ठेवली जाते ती तिने नाकारली, आणि उरलेला दुसरा मार्ग भयंकर आहे हे तळ्याच्या शीतल प्रतिमेने अधिकच जाणवते. रघुनाथरावांच्या पक्षाला याहून प्रभावी साक्ष मिळाली नसती.

असे कितीतरी स्वर आपल्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या आरंभी, कावेरीला पूर येतो तेव्हा स्त्रिया नदीकाठी जाऊन तिची पूजा करतात, चित्रान्नांचा नैवेद्य दाखवितात, हळदीचे दोरे बांधतात. नदीला गर्भवती मानण्याची कल्पना यामागे आहे. वर्षभरातील हा खास स्त्रियांचा नदीसण. आणि याच दिवशी घरातील जुनी, किडीने खाल्लेली ताडपत्रे प्रवाहात सोडण्याचीही चाल होती. तीत ग्रंथ गेले याची हळहळ स्वामिनाथ अय्यरांनी व्यक्त केली आहे. त्यांत एखाद्या कवयित्रीची पोथीही असू शकेल.

मराठी राजवटीने स्वतः या बाबतीत काय केले? प्रतापसिंहाच्या काळी (१७३९–६३) मुद्दुपळनी हिने तेलुगूत 'राधिकासांत्वनमु' रचले. बंगळूर नागरत्नम्मा यांनी १९१० साली त्याची पूर्ण आवृत्ती काढताच सरकारने ती अश्लील ठरविली, आणि बंदी उठण्यास १९४७ उजाडले. मराठीत मात्र वेगळाच प्रयोग झाला. दुसऱ्या सरफोजीने 'देवेंद्र कोरवंजी' लिहिली. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरातील भविष्य सांगणारी कुरत्ती विरहिणी नायिकेचा हात पाहते आणि आपल्या डोंगराचे वर्णन करते. सरफोजीने तिच्या तोंडी साऱ्या पृथ्वीचा भूगोल घातला, खंडे आणि देश यांच्यासह. युरोपीय पुस्तकांतून आलेले नवे ज्ञान मराठीत सांगण्यासाठी राजाला पंडित सुचला नाही, टोपली घेऊन हिंडणारी बाई सुचली! स्वर राजाचाच, हे खरे. पण जग पाहिलेले असावे तर ते हिनेच, हा संकेत कुरिंजीच्या डोंगरातून आलेला आहे.

कुरिंजी हे मुळात एका फुलाचे नाव. निलगिरीच्या उतारांवर ते बारा वर्षांनी एकदाच सामूहिक रीतीने फुलते. मराठी भाषांतरकार या शब्दापाशी अडखळतो आणि बहुधा तो तसाच ठेवतो. वास्तविक त्याच वनस्पतिकुळातील, त्याच प्रजातीची बहीण सह्याद्रीत आहे. तीही सात-आठ वर्षांनी एकदा फुलून डोंगर जांभळे करते, तिच्या काड्यांनी आपल्याकडे कुडाच्या भिंती विणल्या जातात, आणि तिला आपण कारवी म्हणतो.