पिस्तुलाची मूठ

पिस्तुलाची मूठ हा नेम धरताना व गोळी झाडताना हाताच्या पकडीत राहणारा पिस्तुलाचा भाग होय. अर्ध-स्वयंचलित पिस्तुलात काडतुसांचे मॅगझिन बहुधा मुठीच्या आतच बसते. त्यामुळे मुठीचा आकार केवळ हाताच्या सोयीने ठरत नाही, तर काडतुसाची लांबी व मॅगझिनची क्षमता यांवरही अवलंबून असतो. मुठीची जाडी, तिचा नळीशी असलेला कोन आणि पृष्ठभागाचा पोत या तीन गोष्टींवर पकडीची घट्टता, चापापर्यंत बोट पोहोचण्याची सोय आणि धक्क्यानंतर पुन्हा नेम साधण्यास लागणारा वेळ अवलंबून असतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस पॉलिमरच्या सांगाड्यांचा प्रसार झाल्यापासून मुठीतील बदल हे पिस्तुलाच्या नव्या आवृत्तीचे एक ठळक लक्षण बनले. हा इतिहास सरळ रेषेतील प्रगतीचा नाही. एका आवृत्तीत जोडलेली वैशिष्ट्ये पुढील आवृत्तीत काढून टाकल्याची उदाहरणे त्यात आढळतात. निरनिराळ्या हातांसाठी एकच मूठ बनवण्यातील अडचण हे त्यामागील मुख्य कारण आहे.

## कार्य

पिस्तुलाची नळी हाताच्या पकडीपेक्षा वरच्या पातळीवर असते. गोळी सुटताना निर्माण होणारा धक्का नळीच्या रेषेत मागे येतो आणि हात त्या रेषेच्या खाली असल्यामुळे पिस्तुलाचे तोंड वर उचलले जाते. या वेळी मूठ तळहातात किंचित फिरण्याचा प्रयत्न करते. ती फिरली तर प्रत्येक गोळीनंतर पकड नव्याने सावरावी लागते. मुठीवरील खडबडीत पोत त्वचा व मूठ यांतील घर्षण वाढवून हे सरकणे रोखतो. घाम, पाऊस, तेल किंवा हातमोजे यांमुळे घर्षण कमी होते, तेव्हा पोताचे महत्त्व अधिक जाणवते.

मुठीचे दुसरे कार्य चापाचे अंतर ठरवणे हे आहे. मुठीच्या मागील बाजूपासून चापापर्यंतचे अंतर हाताच्या मानाने जास्त असल्यास तर्जनी चापावर नीट पोहोचत नाही. अशा वेळी वापरकर्ता पिस्तूल हातात थोडे फिरवून धरतो. त्यामुळे नळी मनगटाच्या रेषेत राहत नाही आणि धक्का अंगठ्याच्या मुळाशी बसतो. सैन्य व पोलीस दलांत एकाच नमुन्याचे पिस्तूल लहान-मोठ्या हातांच्या सर्व स्त्री-पुरुषांना दिले जाते. म्हणून तेथे हा प्रश्न केवळ सोयीचा न राहता नेमबाजीची पात्रता आणि सुरक्षित हाताळणी यांच्याशी निगडित होतो.

## पोताचे प्रकार

* चौकडीदार खाचकाम (चेकरिंग): एकमेकींना छेदणाऱ्या समांतर खाचांमुळे लहान, टोकदार चौकटी तयार होतात. खाचांची घनता प्रति इंच रेषांत मोजतात. प्रति इंच २० रेषा असल्यास दोन खाचांतील अंतर सुमारे १.२७ मिमी, तर ३० रेषा असल्यास सुमारे ०.८५ मिमी असते. रेषा कमी असल्यास टोके मोठी होतात व पोत अधिक बोचरा लागतो.
* आडव्या किंवा उभ्या खाचा: आडव्या खाचा मूठ वर-खाली सरकण्यास, तर उभ्या खाचा ती डावी-उजवीकडे फिरण्यास विरोध करतात.
* ठिपकेदार पोत (स्टिपलिंग): अनियमित किंवा नियमित ठिपक्यांचा हा पोत सर्व दिशांना जवळपास सारखे घर्षण देतो.
* साच्यातील उंचवटे: पॉलिमरच्या मुठीवर पिरॅमिडसारखे सूक्ष्म उंचवटे साच्यातूनच उमटतात.
* रबरी आवरण: हे बोचत नाही व काही प्रमाणात धक्का शोषते, मात्र कपड्याला चिकटते.

लाकडी किंवा धातूच्या मुठीवर पोत कोरावा लागतो. पॉलिमरची मूठ वितळलेले द्रव्य साच्यात दाबून तयार होते व पोत साच्याचाच भाग असतो. पोलादी साचा खर्चिक असल्यामुळे पोतात वारंवार लहान बदल करणे परवडत नाही. त्यामुळे असे बदल बहुधा साठवून नव्या आवृत्तीत एकत्र आणले जातात.

## इतिहास

### लाकडी मुठीचा काळ

जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले एम१९११ हे पिस्तूल अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारले. त्याच्या पोलादी सांगाड्यावर दोन्ही बाजूंना अक्रोडाच्या लाकडाच्या चौकडीदार पट्ट्या होत्या. पहिल्या महायुद्धातील अनुभवानंतर १९२० च्या दशकात एम१९११ए१ ही सुधारित आवृत्ती तयार झाली. तीत चाप आखूड करण्यात आला, चापामागे सांगाड्याच्या दोन्ही बाजू खोलगट केल्या गेल्या, मुठीच्या मागील खालचा सपाट भाग फुगीर करण्यात आला आणि घोड्याने हाताची कातडी चिमटू नये म्हणून मुठीवरील सुरक्षा-कळीची शेपटी लांबवण्यात आली. यांतील फुगीर भाग सर्वांनाच रुचला नाही. आज अनेक उत्पादकांच्या १९११ पद्धतीच्या पिस्तुलांत पुन्हा सपाट भाग दिसतो.

१९३५ चे ब्राउनिंग हाय-पॉवर हे बेल्जियन पिस्तूल दुहेरी रांगेच्या १३ काडतुसांच्या मॅगझिनमुळे प्रसिद्ध झाले. काडतुसे वाढली तशी मूठ रुंद होण्याचा प्रश्नही पुढे आला. तेव्हापासून क्षमता आणि पकड यांतील ओढाताण पिस्तुलांच्या रचनेत कायम राहिली आहे.

### पॉलिमरचा काळ

जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीने १९७० मध्ये व्हीपी७० हे पॉलिमर सांगाड्याचे पिस्तूल आणले. मात्र या पद्धतीचा जगभर प्रसार ऑस्ट्रियाच्या ग्लॉक १७ या पिस्तुलामुळे झाला. गॅस्टन ग्लॉक यांच्या कंपनीचे हे पिस्तूल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये 'पी८०' या नावाने स्वीकारले. ९ मिमी काडतुसांच्या या पिस्तुलात १७ काडतुसांचे मॅगझिन असूनही मूठ फार जाड नव्हती, कारण सांगाडा व मूठ एकसंध असल्याने वेगळ्या पट्ट्यांची जाडी वाचली.

## ग्लॉक पिस्तुलांतील बदल

ग्लॉकच्या आवृत्त्यांना 'पिढी' म्हणतात. मूळ कार्यपद्धती फारशी न बदलता मूठ मात्र वेळोवेळी बदलत गेल्यामुळे मुठीच्या तुलनात्मक अभ्यासासाठी हे उदाहरण सोयीचे ठरते.

| पिढी | आरंभ | मुठीची वैशिष्ट्ये |
|---|---|---|
| पहिली | १९८२ | सर्वत्र सौम्य खडबडीत पोत. बोटांच्या खाचा नाहीत |
| दुसरी | १९८८ | पुढील व मागील बाजूस चौकडीदार खाचकाम |
| तिसरी | १९९० च्या दशकाची अखेर | बोटांच्या खाचा, अंगठ्यासाठी खोलगट जागा. मुठीपुढे विजेरी जोडण्याची पट्टी |
| चौथी | २०१० | उंचवट्यांचा नवा पोत. बदलता येणाऱ्या मागील पट्ट्या. मोठी, बाजू बदलता येणारी मॅगझिन-कळ |
| पाचवी | २०१७ | बोटांच्या खाचा वगळल्या. मॅगझिनचे तोंड पसरट. दोन्ही बाजूंना स्लाइडची कळ |

बोटांच्या खाचा. तिसऱ्या पिढीत मुठीच्या पुढील बाजूस बोटांसाठी खाचा व त्यांमध्ये उंच कडा देण्यात आल्या. ज्यांची बोटे या खाचांत बरोबर बसत, त्यांना पकड दर वेळी एकाच जागी येत असल्याचा लाभ होई. परंतु खाचांतील अंतर ठरावीक असल्यामुळे लहान किंवा जाड बोटे नेमकी कडांवर येत आणि पकड उलट सैल होई. पाचव्या पिढीत या खाचा काढून पुढील बाजू पुन्हा सरळ करण्यात आली.

खरखरीत पोत. २००९ मध्ये कंपनीने काही नमुन्यांवर अतिसूक्ष्म टोकदार उंचवट्यांचा 'आरटीएफ-२' हा पोत आणला. ओल्या हातात व हातमोज्यांत तो प्रभावी होता. मात्र शरीरालगत पिस्तूल बाळगणाऱ्यांना तो त्वचेला घासतो व कपडे झिजवतो असा अनुभव आला. चौथ्या पिढीत त्याऐवजी बोथट टोकांचा, अधिक सौम्य पोत स्वीकारण्यात आला.

बदलत्या पट्ट्या. चौथ्या पिढीच्या मुठीचा मूळ आकार लहान ठेवण्यात आला. मधली पट्टी लावल्यास चापाचे अंतर २ मिमीने वाढून जुन्या मुठीइतके होते, तर मोठी पट्टी लावल्यास ते ४ मिमीने वाढते. यामुळे एकच नमुना निरनिराळ्या हातांना जुळवता येऊ लागला. ब्रिटिश सैन्याने २०१३ मध्ये हाय-पॉवरच्या जागी चौथ्या पिढीचे ग्लॉक १७ निवडले, तर फ्रान्सने २०२० मध्ये पाचव्या पिढीचे पिस्तूल स्वीकारले.

## अन्य उत्पादकांच्या पद्धती

बदलत्या मागील पट्टीची कल्पना ग्लॉकच्या आधीची आहे. जर्मनीच्या वाल्थर पी९९ मध्ये ती १९९० च्या दशकातच आली होती. अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसन एम अँड पी (२००५) या पिस्तुलातही निरनिराळ्या आकारांच्या पट्ट्या होत्या. २०१७ च्या 'एम२.०' आवृत्तीत पोत लक्षणीयरीत्या खरखरीत करण्यात आला.

हेकलर अँड कॉख व्हीपी९ (२०१४) मध्ये मागील पट्टीसोबत डावी व उजवी बाजूही स्वतंत्रपणे बदलता येते. तिन्ही भाग प्रत्येकी तीन आकारांत असल्याने एकूण २७ जुळण्या शक्य होतात. उजव्या व डाव्या हाताच्या तळव्याचा फुगवटा वेगळ्या बाजूला येत असल्याने डावखुऱ्यांना याचा विशेष उपयोग होतो.

सिग सॉअर पी३२० (२०१४) मध्ये याहून वेगळा मार्ग निवडला आहे. त्यात चापाची यंत्रणा अनुक्रमांकासह स्वतंत्र धातूच्या चौकटीत असते. पॉलिमरची मूठ हे केवळ बाह्य कवच असल्यामुळे ते संपूर्णच बदलता येते. याच नमुन्यावर आधारित 'एम१७' व 'एम१८' ही पिस्तुले अमेरिकी सैन्याने जानेवारी २०१७ मध्ये निवडली.

## क्रीडा नेमबाजी

क्रीडा नेमबाजीत पिस्तूल एकाच खेळाडूचे असते. म्हणून तेथे सर्वांना चालणाऱ्या मुठीची गरज नसते. खेळाडूच्या तळहाताच्या मापाप्रमाणे घडवलेली लाकडी मूठ, तिच्यावरील ठिपकेदार पोत आणि तळहाताखाली टेकू देणारी सरकती पट्टी ही सामान्य रचना आहे. मूठ घासून किंवा लाकडी लुगदी भरून आणखी जुळवली जाते. मात्र मुठीने हाताच्या पलीकडे आधार देता कामा नये व मनगट मोकळे राहिले पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. २५ मीटर पिस्तूल प्रकारात ५.६ मिमी काडतुसांची अशी पिस्तुले वापरतात. याच प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवले. आशियाई खेळांत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

## भारतातील स्थिती

भारतीय सैन्याचे पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए हे हाय-पॉवरवर आधारित असून इशापूर येथील रायफल कारखान्यात बनते. त्याचा सांगाडा पोलादी व मुठीच्या बाजूच्या पट्ट्या वेगळ्या आहेत. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाकडे ग्लॉकची पिस्तुले आहेत. ९ मिमी पॅराबेलम काडतुसांची पिस्तुले शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार 'प्रतिबंधित बोअर' गटात मोडत असल्याने सामान्य नागरिकांना ती परवान्यावर मिळत नाहीत.

## मूल्यमापन

पोत जितका खरखरीत तितकी पकड चांगली, असा समज प्रचलित आहे. परंतु तो अंशतःच खरा आहे. अतिशय बोचऱ्या मुठीवर हात एकदा चुकीच्या जागी पडला की तो सरकवून दुरुस्त करणे अवघड जाते आणि दीर्घ सरावात त्वचा सोलवटते. उलट मऊ मूठ कोरड्या हातात सुखद वाटली तरी पावसात निसटते. हातमोजे घालून काम करणाऱ्या सैनिकाची, दिवसभर कपड्यांखाली शस्त्र बाळगणाऱ्या साध्या वेशातील पोलिसाची आणि खेळाडूची गरज भिन्न असते. म्हणून अलीकडील रचनांचा कल मध्यम पोत, सरळ पुढील बाजू आणि बदलता येणारे भाग यांकडे झुकलेला दिसतो. हाताचा आकार गृहीत धरण्याऐवजी मूठच हाताप्रमाणे जुळवून घेणे हे त्यामागील सूत्र आहे.

## हे सुद्धा पहा

* अर्ध-स्वयंचलित पिस्तूल
* ग्लॉक
* ब्राउनिंग हाय-पॉवर
* राही सरनोबत
* नेमबाजी