भिडे वाडा : दुकानांआड गेलेलें घर

जुन्या पेठांतील घरांचीं दुकानें झालीं म्हणजे घराचा इतिहास कसा झांकला जातो, ह्याचें ठळक उदाहरण म्हणून आम्ही पुण्याच्या बुधवार पेठेंतील भिडे वाड्याकडे पाहतों. १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं तात्यासाहेब भिडे यांच्या ह्या वाड्यांत मुलींची शाळा काढली, हें सर्वश्रुत आहे. पुढें तळमजल्यावर भाड्याचीं दुकानें आलीं. समोरच्या दगडूशेठ हलवाई गणपतीच्या दर्शनास येणाऱ्यांच्या दृष्टीस वाड्याआधीं दुकानांच्या पाट्या पडूं लागल्या.

स्मारकाकरितां जागा मिळावी म्हणून पुणें महानगरपालिका व भाडेकरू यांच्यांत दीर्घ वाद चालला. ३ नोव्हेंबर २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें भाडेकरूंची याचिका फेटाळली आणि डिसेंबरांत तो मोडकळीस आलेला वाडा पाडण्यांत आला. स्मारक अवश्य व्हावें. परंतु पाडलेल्या भिंतींची साक्ष त्यानें परत मिळत नाहीं.

अशा वेळीं उरतो तो कागद. आम्ही संग्राहक पेशवाईंतील मोडी रुमाल जिवापाड जपतों, पण भाडेचिठ्ठ्या, वाटणीपत्रें व दुकानांच्या वह्या रद्दींत जाऊं देतों. कोणत्या सालीं कोणती खोली कोणाकडे गेली, दिंडी केव्हां बुजली, हें ह्याच कागदांवरून ठरावयाचें असतें. दुकानदारी हेंही वाड्याच्या चरित्रांतील एक प्रकरणच होय. तरी ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते जपून ठेवावे व त्यांच्या नकला संशोधकांस उपलब्ध कराव्या, अशी आमची विनंति आहे.